मोठ्या कुत्र्याच्या ताटलीत काय वाढाल?

बंगळुरू शहराच्या दक्षिणेला, तामिळनाडूच्या सीमेला टेकलेला आनेकल तालुका एकेकाळी नाचणीच्या शेतांसाठी आणि रेशमाच्या विणकामासाठी ओळखला जात असे. शेते अजूनही आहेत, पण त्यांच्या बांधाला लागून आता बोम्मसंद्र आणि जिगणीचे कारखाने उभे आहेत, अत्तिबेले आणि चंदापूरच्या नव्या वसाहती आहेत. पुणे, कोल्हापूर, बेळगाव इथून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या परिसरात विसावली आहेत. फ्लॅटमधून सुटका होऊन स्वतंत्र घर मिळाले, घराभोवती थोडे अंगण मिळाले की मुलांचा पहिला हट्ट ठरलेला असतो, "बाबा, आता कुत्रा आणू या!" मोठ्यांनाही तो पटतो. घर गावाबाहेर, शेजार विरळ, राखणीला कोणीतरी हवेच. मग घरात लॅब्रडॉर येतो, जर्मन शेफर्ड येतो, एखाद्या हौशी घरात तर ग्रेट डेनसुद्धा.

दोन महिन्यांचे ते गोजिरवाणे पिलू पाच-सहा किलोंचे असते. वाटीभर दूधभातात त्याचे भागते. पण वर्षभरात तेच पिलू तीस-पस्तीस किलोंचे होते, आणि महिन्याच्या हिशेबाच्या वहीत एक नवे, भलेमोठे कलम उघडले जाते. दुकानातली परदेशी नावाची पोती परवडत नाहीत, स्वस्त पोत्यांवर विश्वास बसत नाही, आणि घरचे द्यावे तर नेमके काय आणि किती, हे कोणी सांगत नाही. मग कुठे नुसता दहीभात, कुठे नुसते मांस, तर कुठे उरलेसुरले सगळे एकत्र, असा कारभार सुरू होतो.

खरे तर मोठ्या कुत्र्याला चांगले खायला घालणे वाटते तितके महाग नाही. महाग पडतात त्या चुका. आणि त्यातली सर्वांत मोठी चूक कमी खायला घालण्याची नसून जास्त खायला घालण्याची आहे.

वजन चौपट, भूक चौपट नाही

दहा किलोंच्या कुत्र्याच्या तुलनेत चाळीस किलोंच्या कुत्र्याला चौपट अन्न लागेल, असे कोणालाही वाटेल. पण शरीराचे गणित तसे नसते. प्राणी जितका मोठा, तितकी किलोमागे त्याची उष्मांकाची गरज कमी. नुसते पडून राहण्यासाठी दहा किलोंच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ४०० उष्मांक लागतात, तर चाळीस किलोंच्या कुत्र्याला सुमारे ११००. म्हणजे वजन चौपट असले तरी गरज पावणेतीन पटच!

रोजचे फिरणे-धावणे धरले तर तीस किलोंच्या, घरात पाळलेल्या प्रौढ कुत्र्याला साधारण १२०० ते १४०० उष्मांक पुरतात. नसबंदी झालेल्या किंवा दिवसभर व्हरांड्यात झोपून काढणाऱ्या कुत्र्याला याहूनही कमी. रात्रभर कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्याला अर्थातच जास्त.

हे आकडे लक्षात घेतले की एका ग्लुकोज बिस्किटाची किंमत कळते. अशा एका बिस्किटात वीसएक उष्मांक असतात. चहाच्या वेळी आजोबांनी चार, मुलांनी शाळेतून आल्यावर चार आणि रात्री लाडाने दोन दिली, तर दोनशे उष्मांक सहज पोटात जातात. दिवसाच्या गरजेचा हा सहावा-सातवा हिस्सा झाला! वरचा खाऊ एकूण उष्मांकाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, असा साधा नियम पशुवैद्य सांगतात.

अमेरिकेत लॅब्रडॉर कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ४८ पिलांच्या जोड्या करून त्यातल्या एकाला त्याच्या जोडीदारापेक्षा पाव हिश्श्याने कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. शिवाय कमी खाणाऱ्यांना सांधेदुखीचा त्रासही उशिरा सुरू झाला. कमी खर्चात जवळजवळ दोन वर्षांचे जादा आयुष्य! याहून स्वस्त औषध कोणते असेल?

मुधोळकडून शिकण्यासारखे

आपल्याकडच्या एका जुन्या जातीकडे पाहिले तरी हाच धडा मिळतो. उत्तर कर्नाटकातील मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी कुत्र्यांची एक जात जोपासली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला त्यांची जोडी भेट दिली. तोच आजचा मुधोळ हाउंड. महाराष्ट्रात याच घराण्यातल्या कुत्र्याला कारवान म्हणतात. २००५ मध्ये भारतीय डाक खात्याने या जातीचे तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी संशोधन केंद्र आहे आणि भारतीय सेनेनेही मुधोळची पिले प्रशिक्षणासाठी नेली आहेत.

उंचीला हा कुत्रा लॅब्रडॉरपेक्षा बराच मोठा, पण वजन बहुधा तीस किलोंच्या आत. पोट आत ओढलेले, बरगड्यांच्या रेषा दिसणाऱ्या. शहरातल्या माणसाला पाहून कीव येते, "अगं बाई, याला कोणी खायला घालत नाही का?" पण तो उपाशी नसतो. त्याची ठेवणच तशी असते.

प्रत्येक कुत्रा मुधोळइतका सडपातळ दिसणार नाही, दिसूही नये. पण प्रत्येकाची पारख सारखीच करता येते. कुत्र्याच्या दोन्ही कुशींवर तळहात ठेवून हलकेच बोटे फिरवा. बरगड्या न दाबता हाताला लागायला हव्यात. वरून पाहिले तर कंबर आत वळलेली दिसावी आणि बाजूने पाहिले तर पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेले असावे. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर ताटली थोडी हलकी करा. कण्याचे मणके टोचत असतील तर थोडी वाढवा. ही परीक्षा पंधरवड्यातून एकदा केली तर वजनकाट्याचीही फारशी गरज पडत नाही.

पिलाची घाई नको

मोठ्या जातीच्या पिलांच्या बाबतीत तर जास्तीचे लाड थेट हाडांवर उठतात. ग्रेट डेनचे पिलू जन्मतः अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि दीड वर्षात पन्नास-साठ किलोंवर पोचते. इतक्या झपाट्याच्या वाढीत हाडांवर आधीच ताण असतो. त्यात भरमसाट खाऊ घालून वाढ आणखी पळवली तर सांधे नीट घडत नाहीत. पिलू लंगडू लागते, पुढचे पाय वाकतात, खुब्याचे सांधे ढिले राहतात.

इथेच कॅल्शियमच्या बाटलीचा घोळ होतो. "मोठा कुत्रा आहे, हाडे मजबूत व्हायला हवीत," म्हणून दुकानातून कॅल्शियमचे औषध आणले जाते. पिलांसाठीच्या डबाबंद किंवा पोत्यातल्या चांगल्या अन्नात कॅल्शियम आधीच मोजून घातलेले असते. त्यावर हे औषध, वर दूध, वर नाचणी! सहा महिन्यांच्या आतल्या पिलाचे शरीर हे जादा कॅल्शियम शोषून घेणे नीट आवरू शकत नाही. हॉलंडमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की जादा कॅल्शियमने हाडे मजबूत होण्याऐवजी त्यांची घडण बिघडते.

उलट टोकही तितकेच वाईट. पिलाला नुसते मांस घातले तर कॅल्शियम फारच कमी आणि फॉस्फरस भरपूर मिळतो. मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढून घेते आणि हाडे ठिसूळ होतात.

म्हणून खर्चाची काटकसर करायचीच असेल तर ती पिलाच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात करू नये. या काळात 'मोठ्या जातीच्या पिलांसाठी' असे स्पष्ट लिहिलेले तयार अन्न मोजून द्यावे, आणि कॅल्शियम, जीवनसत्त्वे वगैरे काहीही पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. प्रौढ झाल्यावर घरच्या अन्नाकडे वळणे कितीतरी सोपे असते.

पोत्याची खरी किंमत

तयार कोरडे अन्न घेताना बहुतेक ग्राहक किलोचा भाव पाहतात. पण कुत्र्याला किलो लागत नाहीत, उष्मांक लागतात. समजा, एक पोते २०० रुपये किलो आहे आणि त्यात किलोमागे ३००० उष्मांक आहेत. दुसरे २५० रुपये किलो आहे, पण त्यात ३८०० उष्मांक आहेत. दिवसाला १३०० उष्मांक लागणाऱ्या कुत्र्याला पहिले अन्न ४३३ ग्रॅम घालावे लागेल, दुसरे ३४२ ग्रॅम. रोजचा खर्च काढला तर पहिल्याचे ८७ रुपये होतात आणि दुसऱ्याचे ८६! म्हणजे 'महाग' पोते प्रत्यक्षात महाग नव्हतेच.

पोत्यावर उष्मांक छापलेले नसतील तर घरी काढता येतात. प्रथिने, स्निग्धांश, ओलावा, चोथा आणि राख यांचे टक्के शंभरातून वजा केले की उरतात ती पिष्टमय द्रव्ये. प्रथिने आणि पिष्ट यांना साडेतीनने, स्निग्धांशाला साडेआठने गुणून बेरीज केली की शंभर ग्रॅममधले उष्मांक मिळतात. २२ टक्के प्रथिने, १० स्निग्धांश, १० ओलावा, ४ चोथा आणि ८ राख असेल, तर पिष्ट ४६ टक्के उरते आणि उष्मांक सुमारे ३२३ येतात. शाळेतल्या मुलाला हे गणित घातले तर त्याचाही अभ्यास होईल.

डबाबंद ओल्या अन्नाची तुलना करताना पाणी विसरू नका. डब्यावर ८ टक्के प्रथिने लिहिलेली असतील आणि पाणी ७८ टक्के असेल, तर कोरड्या हिशेबाने ती ३६ टक्के होतात. पण त्या डब्यात पाऊण हिस्सा पाणीच विकत घेतलेले असते, हेही खरे. मोठ्या कुत्र्याला रोज डबाबंद अन्न पुरवणे म्हणूनच फार थोड्या घरांना झेपते.

पोत्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. हे अन्न 'संपूर्ण व संतुलित' आहे असे त्यावर म्हटले आहे का, आणि ते कोणत्या वयासाठी आहे. धान्यविरहित म्हणून जादा पैसे मोजण्याची गरज नाही. डाळी-वाटाण्यावर भर असलेल्या अशा काही अन्नांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली होती. शिजवलेले धान्य कुत्र्याला चांगले पचते. २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की लांडग्यांच्या तुलनेत कुत्र्यांत पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे काढल्याचा तो परिणाम.

मोठे पोते स्वस्त पडते, पण उघडल्यावर ते महिना-सव्वा महिन्यात संपायला हवे. तीस किलोंच्या एका कुत्र्याला महिन्याला दहा-अकरा किलो लागतात, तेव्हा त्याहून मोठे पोते घेण्यात फायदा नाही. पोते तसेच झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने बुरशी धरते आणि त्या बुरशीचे विष यकृतावर उठते. उघड्या पोत्यातून सुटे विकले जाणारे अन्न कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. ते कधी उघडले, हे कोणालाच सांगता येत नाही.

अंगणातली नाचणी

आनेकलच्या परिसरात नाचणीला रागी म्हणतात, आणि रागी मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा वाफाळता उंडा हे इथले रोजचे जेवण. राखणीच्या कुत्र्यालाही त्यातलाच घास मिळतो. हा रिवाज चुकीचा नाही. १०० ग्रॅम नाचणीत सव्वातीनशेच्या आसपास उष्मांक आणि सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात हेच कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम. पण नाचणीत प्रथिने फक्त सात टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे नुसत्या नाचणीवर कुत्र्याचे पोट भरते, अंग भरत नाही. केस निस्तेज होतात, स्नायू सुकतात.

तीस किलोंच्या, फार धावपळ नसलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी दिवसभराचा एक साधा नमुना असा करता येईल. नाचणीचे पीठ १०० ग्रॅम आणि तांदूळ १०० ग्रॅम, दोन्ही मऊ शिजवून. हाडे काढलेले कोंबडीचे मांस ३०० ग्रॅम. एक उकडलेले अंडे. गाजर, दुधी किंवा लाल भोपळा १०० ग्रॅम. वरून दोन चमचे तेल. याचे सुमारे १२०० उष्मांक आणि ८० ग्रॅम प्रथिने होतात. कोंबडीच्या दुकानात पोटा-कलेजी स्वस्त मिळते. मांसाचा काही भाग पोट्याने भरून काढता येतो, पण कलेजी थोडीच असावी. रोज भरपूर कलेजी दिल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो.

इतके करूनही कॅल्शियम अपुरे पडते. त्यासाठी अंड्याची टरफले धुऊन, भाजून, मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून ठेवा. या नमुन्याला प्रौढ कुत्र्यासाठी अर्धा लहान चमचा पुरेल. पण जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची उणीव तरीही राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतून आणि अन्यत्र छापलेल्या घरगुती पाककृतींपैकी दोनशे तपासल्या, तेव्हा ९५ टक्के कृतींत एक तरी आवश्यक घटक कमी होता. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून घरचेच घालायचे ठरवले तर आपली कृती पशुवैद्याला दाखवून त्याच्याकडून योग्य खनिज-जीवनसत्त्व मिश्रण लिहून घ्या. त्याचा खर्च फार नसतो.

हे झंझट नको असेल तर मधला मार्गही आहे. निम्मे तयार अन्न आणि निम्मे घरचे दिले की खर्च आटोक्यात राहतो आणि उणिवाही बऱ्याच भरून निघतात. शाकाहारी घरांत अंडी, दही, पनीर आणि सोयाबीनच्या वड्यांवर प्रौढ कुत्रा पोसता येतो, मात्र इथे पशुवैद्याचा सल्ला आणखी जरुरीचा. अन्न कोणतेही असो, बदल करताना आठ-दहा दिवस घ्या. जुने हळूहळू कमी करत नवे वाढवत न्या, म्हणजे पोट बिघडणार नाही.

घरच्या उरलेल्या अन्नाचे काय? आमटी-रश्श्यात कांदा, लसूण, मीठ, तिखट असते आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सोपा उपाय म्हणजे कुत्र्याचा वाटा फोडणीपूर्वीच बाजूला काढणे. वरण शिजले की त्याचे आधी काढा, मग तुमची फोडणी खुशाल चुरचुरू द्या!

हे कदापि देऊ नका

• कांदा, लसूण आणि ते घातलेले कोणतेही पदार्थ.
• द्राक्षे, मनुका, बेदाणे. शिऱ्यातलेसुद्धा. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.
• चॉकलेट, चहा, कॉफी.
• झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगम व गोळ्या.
• शिजवलेली हाडे. ती तडकून त्यांच्या धारदार चिरफळ्या होतात आणि आतडे फाडतात.
• बुरशी आलेली पोळी, ब्रेड, शेंगदाणे.
• प्रौढ कुत्र्याला वाडगाभर दूध. पुष्कळांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. त्याऐवजी दही किंवा ताक चालते.

जेवणाची वेळही महत्त्वाची

मोठ्या आणि खोल छातीच्या कुत्र्यांना एक जीवघेणा धोका असतो. जठरात हवा भरून ते फुगते आणि स्वतःभोवती पीळ घेते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांच्यात याचे प्रमाण जास्त. दिवसातून एकदाच भलेमोठे जेवण घालणे आणि कुत्र्याने ते बकाबका गिळणे यांनी धोका वाढतो. तेव्हा अन्न दोन किंवा तीन वेळांत विभागून द्या. जेवणानंतर तासभर पळापळ नको. अधाशी कुत्र्याच्या ताटलीत मध्यभागी एखादी वाटी पालथी ठेवली तर तो सावकाश खातो. ताटली उंच स्टुलावर ठेवण्याची पद्धत सोयीची दिसते, पण अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत उंच ताटलीने धोका कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला.

कुत्रा अस्वस्थपणे येरझाऱ्या घालतो आहे, ओकारी काढतो पण काहीच पडत नाही, पोट ढोलासारखे ताणले आहे, अशी लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका. ही मिनिटामिनिटाची लढाई असते. बंगळुरूचे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय हेब्बाळला, म्हणजे आनेकलपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. म्हणून रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करू शकणारा जवळचा पशुवैद्य कोण, हे कुत्रा धडधाकट असतानाच शोधून त्याचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

कोण वाढणार?

सरतेशेवटी एक घरगुती गोष्ट. घरात चार माणसे असली की कुत्र्याला चौघेही जेवू घालतात आणि प्रत्येकाला वाटते की त्याला अजून कोणी घातलेच नाही. कुत्राही या बाबतीत खरे बोलत नाही! म्हणून दिवसाचे अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढावे. ज्याला लाड करायचे असतील त्याने त्याच डब्यातून करावेत. डबा रिकामा झाला की दिवसाचे जेवण संपले.

दारातला मोठा कुत्रा घराची शान असतो, राखण असतो आणि मुलांचा सवंगडीही. तो आपल्याकडे आशाळभूत डोळ्यांनी पाहतो तेव्हा हात आवरणे कठीण जाते. पण तो मागतो आहे म्हणजे त्याला हवेच आहे, असे नाही. पुष्कळदा त्याला पोळीपेक्षा सोबत हवी असते. अशा वेळी ताटलीकडे न जाता दारामागची साखळी उचला आणि नाचणीच्या शेतांकडे जाणाऱ्या रस्त्याने त्याला एक फेरी मारून आणा. खर्च शून्य, आणि फायदा दोघांनाही.